एनएफएलची सॅलरी कॅप: मार्चमधला हिशेब कुठल्या क्रमाने मांडायचा

दर फेब्रुवारीत आमच्या गटात एक खेळ रंगतो. पुणे, ठाणे, न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया मिळून दहा-बारा मराठी टाळकी जमतात. प्रत्येकाने एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, एक संघ घ्यायचा, खऱ्या आकड्यांवर कॅप (संघाच्या पगारखर्चाची वार्षिक मर्यादा) सांभाळायची आणि फ्री एजन्सीत, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंच्या बाजारात, खेळाडू आणायचे. पहिल्याच संध्याकाळी निम्मे संघ नियमाबाहेर जातात, आणि दर वर्षी त्याच त्या चुकांनी.

दोष आयपीएलचा आहे असं माझं मत. २०२५ च्या मेगा लिलावात प्रत्येक संघाची पर्स १२० कोटी रुपयांची होती. लखनौने ऋषभ पंतवर २७ कोटी लावले, तेवढे पर्समधून गेले, विषय मिटला. एनएफएलमध्ये खेळाडूच्या हातात पडलेला पैसा आणि त्या वर्षीच्या कॅपमधून गेलेला पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज रोख दिलेली रक्कम वहीत पाच वर्षं हप्त्याहप्त्याने लिहिली जाते. त्यामुळे कॅप सांभाळणं हे वाण्याच्या खतावणीचं काम आहे: कुठली रक्कम, कुठल्या वर्षाच्या पानावर आणि कुठल्या तारखेला.

खालचे सगळे आकडे डॉलरमध्ये आहेत. अमेरिकन बातमीतले दहा मिलियन म्हणजे आपले एक कोटी. एवढं डोक्यात पक्कं करा. शून्यांत घसरलेलेही दर वर्षी दोन-तीन निघतात.

सुरुवात करण्याआधी: पाच शब्द

बेस सॅलरी म्हणजे त्या वर्षाचा पगार. ती त्याच वर्षाच्या कॅपवर पडते. साइनिंग बोनस रोख लगेच मिळतो, पण कॅपवर कराराच्या वर्षांत सारखा वाटला जातो, जास्तीत जास्त पाच वर्षांत. या वाट्याला मी पुढे ‘हप्ता’ म्हणणार आहे. रोस्टर बोनस म्हणजे ठरलेल्या दिवशी संघात असल्याबद्दलची रक्कम. ती साधारणपणे त्याच वर्षी पूर्ण लागते. कॅप हिट म्हणजे या सगळ्यांची त्या वर्षाची बेरीज. आणि डेड मनी म्हणजे गेलेल्या खेळाडूचे वहीत अजून न लिहिलेले हप्ते, शिवाय त्याला हमी दिलेली पण अजून द्यायची रक्कम. माणूस गेला तरी उधारी जात नाही.

टप्पा १: तारखा आधी भिंतीवर

खेळाडूंची यादी नंतर उघडा. आधी कॅलेंडर.

एनएफएलचं लीग वर्ष मार्चच्या मध्यात, न्यूयॉर्कच्या घड्याळात दुपारी ४ वाजता सुरू होतं. २०२५ मध्ये हा दिवस १२ मार्च होता. भारतात तेव्हा १३ तारखेची पहाट, दीड वाजलेला. त्या ठोक्याला प्रत्येक संघ कॅपच्या आत असलाच पाहिजे. संध्याकाळपर्यंत आणतो, असं चालत नाही. त्याच्या दोन दिवस आधी बोलणीची खिडकी उघडते. त्याच्याही आधी, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, फ्रँचायझी टॅग (करार संपणाऱ्या खेळाडूला ठरलेल्या रकमेवर एक वर्ष राखून ठेवण्याचा हक्क) लावण्याची मुदत संपते. २०२५ मध्ये ती ४ मार्चला संपली.

या झाल्या सगळ्यांसाठी सारख्या तारखा. फसवतात त्या करारातल्या. बऱ्याच मोठ्या करारांत लिहिलेलं असतं की लीग वर्षाच्या तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी खेळाडू संघात असेल तर त्याचा रोस्टर बोनस देय होतो, किंवा पुढच्या वर्षाच्या पगाराला हमी लागते. डेन्व्हर ब्रॉन्कोसने मार्च २०२४ मध्ये रसेल विल्सनला सोडलं ते अशाच तारखेच्या आत. लीग वर्षाच्या पाचव्या दिवशी, म्हणजे १७ मार्चला, त्याच्या २०२५ च्या ३ कोटी ७० लाखांना हमी लागणार होती.

तपासणी: तुमच्या संघातल्या सर्वांत महाग १५ करारांपुढे ‘कुठल्या दिवशी काय पक्कं होतं’ हा रकाना भरा. रिकामा राहिला तर पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

टप्पा २: खरी जागा काढा

इथे सर्वांत जास्त लोक पडतात, म्हणून इथे जरा थांबू.

२०२५ ची कॅप २७ कोटी ९२ लाख होती. पण हा लीगचा आकडा झाला, तुमच्या संघाचा नव्हे. मागच्या वर्षी न वापरलेली जागा (कॅपखाली उरलेली रक्कम) पुढे आणता येते, ती मिळवा. मग प्रोत्साहनपर रकमांची दुरुस्ती करा. खेळाडूने मागच्या वर्षी जे गाठलं होतं तेच लक्ष्य यंदा असेल, तर ते ‘मिळण्याजोगं’ मानून आधीच कॅपवर धरलं जातं. गाठलं नाही तर पुढच्या वर्षी तेवढी जागा परत मिळते. मागच्या वर्षी न गाठलेलं लक्ष्य धरलं जात नाही, पण ते गाठलं तर पुढच्या वर्षाच्या कॅपमधून वजा होतं.

समजा आपल्या संघाने ६० लाख पुढे आणले आणि प्रोत्साहनांपायी २० लाख वजा झाले. आपली कॅप २८ कोटी ३२ लाख.

आता खर्चाची बाजू. मार्चपासून ऑगस्टअखेरच्या कपातीपर्यंत संघात ९० खेळाडू ठेवता येतात, पण सप्टेंबरपर्यंत कॅपवर फक्त सर्वांत मोठ्या ५१ कॅप हिट मोजल्या जातात. यालाच टॉप-५१ म्हणतात. ५१ च्या खालच्यांचा पगार मोजत नाहीत, त्यांच्या बोनसचे हप्ते मात्र मोजतात. आणि डेड मनी पूर्ण मोजतात.

टॉप-५१ ची बेरीज: २५ कोटी १० लाख
खालच्यांचे हप्ते: १० लाख
डेड मनी: २ कोटी ४० लाख
एकूण: २७ कोटी ६० लाख
जागा: ७२ लाख

टॉप-५१ चा एक परिणाम लोक विसरतात. तुम्ही एक खेळाडू काढला की ५२ वा वर सरकतो आणि मोजला जातो; एक आणला की ५१ वा खाली जातो आणि सुटतो. म्हणून प्रत्येक व्यवहारात त्या जागेवरच्या खेळाडूची किंमत उलट बाजूने धरावी लागते. आपण ती १० लाख धरू. एक कोटीची बचत खरी ९० लाखांची, एक कोटीचा खर्च खरा ९० लाखांचा. एका व्यवहारात हा फरक किरकोळ वाटतो, पण आठ व्यवहार झाले की एका चांगल्या सेफ्टीचा (बचावातल्या खेळाडूचा) पगार निघतो.

इशारा: संकेतस्थळांवर दोन आकडे दिसतात, एक सगळ्या खेळाडूंचा आणि एक टॉप-५१ चा. मार्चमध्ये दुसराच वापरायचा. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकाने पहिला धरून दोन बरे लाइनबॅकर विनाकारण सोडले.

टप्पा ३: घरचे आधी

बाहेर बघण्याआधी स्वतःच्या संपणाऱ्या करारांची वर्गवारी करा. चार किंवा जास्त जमा हंगाम (लीगच्या नियमाने मोजले जाणारे हंगाम) आणि करार संपलेला, तर तो पूर्ण मुक्त. नेमके तीन हंगाम, तर मर्यादित मुक्त. त्याला ठराविक रकमेचं टेंडर (एका वर्षाच्या कराराचा प्रस्ताव) दिलं की दुसऱ्या संघाच्या प्रस्तावाशी बरोबरी करण्याचा हक्क तुमच्याकडे राहतो. तीनपेक्षा कमी, तर तुम्ही किमान पगाराचं टेंडर दिल्यावर तो इतर कुणाशी बोलूच शकत नाही. हे शेवटचे स्वस्त असतात, आणि त्यांचं टेंडर विसरणं हा निव्वळ गलथानपणा.

टॅगबद्दल एवढं लक्षात ठेवा. टॅगची रक्कम पूर्ण त्याच वर्षाच्या कॅपवर पडते, आणि टॅग लावल्याबरोबर पडते. हप्त्यांची सोय नाही. तोच खेळाडू दुसऱ्यांदा टॅग केला तर मागच्या रकमेच्या १२० टक्के. सिनसिनाटी बेंगल्सने टी हिगिन्सला २०२४ मध्ये सुमारे २ कोटी १८ लाखांचा टॅग लावला. २०२५ मध्ये तो २ कोटी ६२ लाखांच्या आसपास गेला, आणि मग त्याच मार्चमध्ये चार वर्षांचा करार झाला. टॅग ही बोलणी लांबवण्याची किंमत आहे. जुलैच्या मध्यापर्यंत दीर्घ करार झाला नाही, तर त्या वर्षी तो एका वर्षाच्या करारावरच खेळतो.

आणखी एक खोच: टॅगसाठी आक्रमक फळीतले सगळे एकाच गटात मोडतात. म्हणजे सेंटरला टॅग लावला तरी भाव त्याच फळीतल्या महागड्या टॅकलचा. माझ्या मते सेंटर किंवा गार्डला टॅग लावणं बहुतेक वेळा पैसे ओतणं ठरतं.

आपल्या संघाने टॅग वापरला नाही. टेंडरांमागे निव्वळ २२ लाख गेले. जागा उरली ५० लाख.

टप्पा ४: कोणाला सोडायचं

सोडणं आधी, रिस्ट्रक्चर (पगार बोनसमध्ये फिरवून कॅपचा भार पुढे ढकलणं) नंतर. हा क्रम उलटा केला तर ज्याच्या करारावर आज उचल घेतली त्यालाच उद्या घालवताना डेड मनी फुगलेला असतो.

उदाहरण घेऊ. एक ३१ वर्षांचा रिसीव्हर. यंदाची बेस सॅलरी १ कोटी ६० लाख, हमी नाही. जुन्या बोनसचा हप्ता वर्षाला ३० लाख, यंदा धरून तीन वर्षं बाकी. कॅप हिट १ कोटी ९० लाख.

नवखा म्हणतो, याला काढला की १ कोटी ९० लाख सुटले. नाही. १ जूनच्या आत सोडलं तर राहिलेले तिन्ही हप्ते यंदाच्याच पानावर येतात: ९० लाख डेड मनी. बचत १ कोटी, आणि ५२ वा खेळाडू वर आल्याने खरी बचत ९० लाख. त्याच्या पगारापैकी ५० लाखांना हमी असती तर ही बचत ४० लाखांवर आली असती.

१ जूननंतर सोडलं तर यंदा फक्त एक हप्ता, ३० लाख; उरलेले ६० लाख पुढच्या वर्षी. बचत १ कोटी ६० लाख. यासाठी जूनपर्यंत थांबावंच लागतं असं नाही. प्रत्येक संघाला दर वर्षी दोन खेळाडूंना मार्चमध्येच सोडून ‘१ जूननंतरचे’ अशी नोंद करता येते.

आता सर्वांत महाग गैरसमज. ही नोंद केली तरी तो खेळाडू २ जूनपर्यंत पूर्ण १ कोटी ९० लाखांनिशी तुमच्या कॅपवरच बसून असतो. मार्चमध्ये या नोंदीने एक पैसाही मोकळा होत नाही. ती जागा ड्राफ्टमधले (कॉलेजातून निवडलेले) नवे खेळाडू आणि हंगामातल्या खर्चासाठी. फ्री एजन्सीच्या पहिल्या दिवसासाठी ती नाहीच. मी स्वतः पहिल्या वर्षी हीच चूक केली होती: मार्चमध्ये जूनचे पैसे खर्चून बसलो आणि गटाने माझे दोन करार रद्द केले.

विल्सनचा हिशेब याच दुभागणीचा. एकूण साडेआठ कोटींचा डेड मनी, ब्रॉन्कोसने तो २०२४ मध्ये ५ कोटी ३० लाख आणि २०२५ मध्ये ३ कोटी २० लाख असा वाटला. इकडे पिट्सबर्ग स्टीलर्सना तोच क्वार्टरबॅक किमान पगारात, १२ लाख १० हजारांत, मिळाला. कारण ब्रॉन्कोसने हमी दिलेल्या ३ कोटी ९० लाखांतून फक्त तेवढेच वजा होणार होते. नव्या संघाने जास्त दिले असते तरी फायदा ब्रॉन्कोसचा झाला असता, विल्सनचा नाही.

इशारा: ट्रेड करून खेळाडू दुसऱ्या संघाला दिला म्हणजे सुटका नव्हे. बेस सॅलरी नव्या संघाकडे जाते, जुन्या बोनसचे हप्ते तुमच्याचकडे राहतात. आणि ट्रेडला ती जूनची नोंद लागू होत नाही. फायदा हवा असेल तर खरोखरच १ जूननंतर ट्रेड करा.

रिसीव्हरला आपण सरळ सोडला. जागा: १ कोटी ४० लाख.

टप्पा ५: रिस्ट्रक्चर, म्हणजे उचल

ऊसतोडीला जाणारा मजूर हंगामाआधी उचल घेतो आणि पुढे ती कामातून फिटत राहते. इथे उचल संघ घेतो, पुढच्या वर्षांच्या कॅपमधून. खेळाडूचं काहीच जात नाही. उलट पगार आधी हातात पडतो. बहुतेक मोठ्या करारांत संघाला त्याची वेगळी संमतीही लागत नाही. पगारकपात मात्र संमतीशिवाय होत नाही. बातम्यांत दोन्हींना एकच शब्द वापरतात, म्हणून करार वाचा.

कृती अशी. २७ वर्षांचा डावा टॅकल घ्या. बेस सॅलरी १ कोटी ८० लाख, यंदा धरून तीन वर्षं करार बाकी. बेस सॅलरी किमान पगारापर्यंत खाली आणता येते. सात किंवा जास्त हंगाम झालेल्याचा २०२५ चा किमान पगार १२ लाख ५५ हजार, आणि आपला टॅकल लहान वयात लीगमध्ये आल्यामुळे त्यात बसतो. उरलेले १ कोटी ६७ लाख ४५ हजार बोनसमध्ये फिरवायचे. तीन वर्षांत वाटले की वर्षाला ५५ लाख ८२ हजार. यंदाची बचत १ कोटी ११ लाख ६३ हजार. पण पुढच्या दोन्ही वर्षांची कॅप हिट प्रत्येकी ५५ लाख ८२ हजारांनी वाढली. ही दुसरी ओळ लिहिल्याशिवाय पहिली लिहायची नाही, असा आमच्या गटाचा नियम आहे.

यात व्हॉइड वर्षं घालता येतात. ही नावापुरती वर्षं. त्यात खेळाडू खेळणार नसतो, हप्ते वाटण्यासाठीच ती जोडलेली असतात. दोन जोडली तर तेच पैसे पाचांत वाटले जातात: वर्षाला ३३ लाख ४९ हजार, यंदाची बचत १ कोटी ३३ लाख ९६ हजार. मग करार आपोआप संपला की उरलेले दोन हप्ते, ६६ लाख ९८ हजार, एकदमच त्या वर्षाच्या पानावर कोसळतात. टाम्पा बे बकनियर्सने टॉम ब्रेडीचा करार असाच ताणला होता. तो निवृत्त झाला, आणि २०२३ मध्ये मैदानात नसलेल्या ब्रेडीपायी त्यांच्या कॅपवर ३ कोटी ५१ लाख लागले. मी हे चूक म्हणणार नाही; ब्रेडीसोबत त्यांनी सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम लढत, जिंकला होता. पण बिल कधी येणार हे त्यांना माहीत होतं. तुम्हालाही हवं.

कोणाच्या करारावर उचल घ्यायची? माझी कसोटी एकच: दोन वर्षांनी हा मला हवा असेल का? सत्ताविशीतला टॅकल, हो. तिशी ओलांडलेला रनिंग बॅक, कधीच नाही. ज्याचा पगार सर्वांत मोठा त्यालाच आधी हात घालण्याचा मोह होतो, कारण बचत मोठी दिसते. नेमका तोच बहुधा वयाने मोठा असतो.

रिस्ट्रक्चरऐवजी मुदतवाढ बरी पडते का तेही बघा. तुम्हाला ठेवायचाच असलेल्या खेळाडूला दोन खरी वर्षं वाढवून दिली तर तीच बचत होते आणि पुढच्या पानांवर मैदानात उतरणारा माणूस असतो, भूत नाही.

तपासणी: पुढच्या दोन वर्षांची पानंही आत्ताच उघडा. पुढच्या वर्षी आधीच कॅपबाहेर जात असाल, तर यंदाची उचल निम्म्यावर आणा.

आपण तीन वर्षांची, व्हॉइड नसलेली वाटणी घेतली. जागा: सुमारे २ कोटी ५१ लाख.

टप्पा ६: हात लावायचा नाही अशी रक्कम

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात टॉप-५१ ची सवलत संपते. मग हंगामासाठी ठेवलेले ५३ ही खेळाडू मोजले जातात, शिवाय जखमींच्या यादीतले पूर्ण पगारानिशी, आणि सराव पथकही. २०२५ मध्ये सराव पथकाचा किमान पगार आठवड्याला १३ हजार होता. १६ खेळाडू, १८ आठवडे: ३७ लाख ४४ हजार. त्यात ५२ वा आणि ५३ वा खेळाडू, आणि जखमींच्या जागी आणायचे बदली. मी एक कोटीपेक्षा कमी कधी बाजूला ठेवत नाही. ड्राफ्टसाठी वेगळे. तिथेही टॉप-५१ चं गणित मदत करतं: पहिल्या फेरीतल्याची कॅप हिट ३० लाख असेल तर निव्वळ भार २० लाखच, आणि शेवटच्या फेऱ्यांतले बहुतेक ५१ मध्ये येतच नाहीत. समजा ३५ लाख.

खर्चायला खरोखर उरले १ कोटी १६ लाख.

टप्पा ७: नवा करार बांधा

बातमी येते: ‘पास रशर तीन वर्षांसाठी साडेचार कोटींत’. गटात लगेच भागाकार होतो, वर्षाला दीड कोटी, आपल्याला परवडत नाही. थांबा.

साइनिंग बोनस १ कोटी ८० लाख. खेळाडू पाच हंगामांचा, म्हणून पहिल्या वर्षाची बेस सॅलरी किमान, ११ लाख ७० हजार. दुसऱ्या वर्षी १ कोटी २० लाख, तिसऱ्या वर्षी १ कोटी ३८ लाख ३० हजार. बोनसचा हप्ता वर्षाला ६० लाख. कॅप हिट निघतात: ७१ लाख ७० हजार, १ कोटी ८० लाख, १ कोटी ९८ लाख ३० हजार. बेरीज साडेचार कोटी. यंदाचा निव्वळ भार, ५१ वा खाली गेल्यामुळे, ६१ लाख ७० हजार.

आता कराराच्या शेजारी आणखी एक रकाना काढा: बाहेर पडण्याची किंमत. पहिल्या वर्षानंतर सोडलं तर डेड मनी १ कोटी २० लाख, दुसऱ्यानंतर ६० लाख. म्हणजे तीन वर्षांचा म्हणून जाहीर झालेला हा करार व्यवहारात दोन वर्षांचा आहे. तिसरं वर्ष तुमच्या मर्जीवर. पण दुसऱ्या वर्षाच्या पगाराला आणि तिसऱ्याच्या काही भागाला हमी दिलीत, तर ती मर्जी गेली. एजंट बोनसच्या आकड्यापेक्षा हमीच्या तारखांवर भांडतो ते यासाठी. तुम्हीही तिथेच भांडा.

इशारा: सगळे नवे करार पहिल्या वर्षी स्वस्त आणि दुसऱ्या वर्षी महाग असे बांधले, तर पुढचा मार्च आत्ताच विकला गेला. दोन मोठे करार असतील तर एक तरी सपाट ठेवा; रोस्टर बोनस पहिल्या वर्षी देऊन भार तिथेच उचला.

उरले ५४ लाख.

टप्पा ८: बोलणी आणि कागद

खिडकीत दुसऱ्या संघांच्या मुक्त होणाऱ्या खेळाडूंशी बोलणं चालतं, सही चालत नाही. मार्च २०२४ मध्ये नियम होता की बोलायचं ते एजंटशी, खेळाडूशी थेट नाही. अटलांटा फाल्कन्सने कर्क कझिन्ससह तिघांशी प्रवासाच्या व्यवस्थेवरून थेट संपर्क केला. शिक्षा म्हणून २०२५ च्या ड्राफ्टमधली पाचव्या फेरीतली निवड गेली आणि अडीच लाखांचा दंड बसला. थेट बोलण्याबाबतचे तपशील बदलत असतात. ज्या वर्षाचा हिशेब करताय त्या वर्षाचं परिपत्रक वाचा. स्वतःच्या खेळाडूशी मात्र केव्हाही बोलता येतं, आणि दुसऱ्या संघाने करार संपण्याआधीच सोडलेला अनुभवी खेळाडू लगेच सही करू शकतो. त्यासाठी लीग वर्ष सुरू होण्याची वाट बघत बसू नका.

लीग कार्यालय कॅपबाहेर जाणारा करार मंजूर करत नाही. म्हणून कागदांचा क्रम ठरलेला: सोडल्याचे कागद, मग रिस्ट्रक्चरचे, मग नव्या सह्या. आणि सगळे वेळेच्या बरेच आत. १५ मार्च २०१३ ला ब्रॉन्कोसचा एल्व्हिस डूमर्व्हिल १ कोटी २० लाखांऐवजी ८० लाखांवर खेळायला तयार झाला होता. मुदत डेन्व्हरच्या दुपारी २ पर्यंत. सही केलेला कागद फॅक्सने पोचायला काही मिनिटं उशीर झाला. मोठ्या रकमेला हमी लागू नये म्हणून संघाला त्याला सोडावं लागलं, आणि तो बाल्टिमोर रेव्हन्सकडे गेला. दोन्ही बाजू राजी, तरी खेळाडू गेला.

टप्पा ९: दुसरी लाट

पहिल्या तीन-चार दिवसांत भाव चढे असतात. मग बाजार उतरतो, आणि संयम ठेवणाऱ्याला इथे स्वस्तात माल मिळतो. चार किंवा जास्त हंगाम झालेला खेळाडू एका वर्षासाठी किमान पगारावर घेतला, तर एका सवलतीमुळे कॅपवर दोन हंगामवाल्याचा किमान पगारच लागतो. २०२५ मध्ये खेळाडूला १२ लाख ५५ हजार मिळाले तरी कॅपवर १० लाख ३० हजार. आपल्या टॉप-५१ मध्ये निव्वळ भार ३० हजार! अट एकच: बोनस अगदी छोटा हवा, आणि करार एकाच वर्षाचा.

दुसरीकडे एक अदृश्य किंमत असते. गमावलेल्या मुक्त खेळाडूंच्या बदल्यात लीग पुढच्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या ते सातव्या फेरीत भरपाईच्या निवडी देते. तुम्ही तसाच मुक्त खेळाडू आणलात की त्यातली एक रद्द होऊ शकते. करार संपण्याआधी जुन्या संघाने सोडलेला खेळाडू या हिशेबात धरत नाहीत, आणि ड्राफ्टनंतरच्या सोमवारनंतर केलेली सहीही धरत नाहीत. तिसऱ्या फेरीची निवड तोंडाशी आली असताना चाळीस लाखांच्या कामचलाऊ टाइट एंडसाठी ती घालवणारे लोक मी पाहिले आहेत. सहा आठवडे थांबले असते तर दोन्ही मिळालं असतं.

टप्पा १०: जून ते हंगाम

२ जूनला नोंद केलेल्यांची जागा मोकळी होते. त्या दिवशी वही पुन्हा पहिल्यापासून मांडा. मार्चच्या शिलकेत नुसती भर घालू नका, कारण मधल्या काळात ५१ वा खेळाडू बदललेला असतो. ऑगस्टच्या शेवटी टॉप-५१ सोडून पूर्ण ५३ ची बेरीज करा आणि सराव पथक धरा. इथे आकडा लाल निघाला तर एखाद्या करारावर राखून ठेवलेली उचल हा एकच सोपा मार्ग राहतो, तेव्हा मार्चमध्ये सगळ्याच उचली संपवू नका.

हंगाम संपता संपता जी जागा उरली असेल ती पुढच्या वर्षी नेण्यासाठी लीगला मुदतीत लेखी कळवावं लागतं. ते पत्र कोण पाठवणार त्याचं नाव आत्ताच, टप्पा १ च्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.